मालिका लिहिणाऱ्यांनो, पंचनामा दाखवा

प्रति,
मराठी मालिकांचे लेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख

सप्रेम नमस्कार.

लेकरू शाळेतून संध्याकाळी घरी आलं नाही, तर दिवेलागणीच्या आत पोलीस ठाणं गाठायला हवं. मराठवाड्यातल्या गावांत मात्र आई-बाप रात्रभर नातेवाइकांना फोन लावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात येतात. 'चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत' हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, कारण पडद्यावरच्या प्रत्येक ठाण्यात ते हेच वाक्य ऐकत आले आहेत. असा नियम कोणत्याही कायद्यात नाही. 18 वर्षांखालचं मूल हरवलं, तर ते पळवून नेलं आहे असं धरूनच लगेच गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली सांगितलं आहे. 24 तासांचा नियम आहे तो वेगळाच: अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, तेवढ्या वेळात मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं असतं. आरोपीच्या संरक्षणासाठी केलेला नियम मालिकांनी हरवलेल्या लेकराच्या वाटेत आडवा घातला आहे.

आम्ही मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत फौजदारी खटले चालवणारे वकील, तपासाची कामं करून निवृत्त झालेले पोलीस अधिकारी आणि अंमलदार, आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर आहोत. कोर्टात आमच्या बाजू एरवी वेगवेगळ्या असतात. हे पत्र आम्ही एकत्र लिहितो आहोत, कारण एक गोष्ट आम्हा सगळ्यांना सारखीच दिसते. गावातल्या माणसाला पोलीस तपासाची माहिती देणारं दुसरं काहीच नाही. शाळेत ते शिकवत नाहीत, ग्रामपंचायतीत सांगत नाहीत. तुमची मालिका हाच त्याचा धडा आहे आणि त्या धड्याप्रमाणे तो वागतो. पहिल्या दोन तासांत तो जे करतो किंवा करत नाही, त्यावर पुढचा सगळा खटला उभा राहतो किंवा कोसळतो.

दवाखान्यातलंच बघा. जखमीला स्ट्रेचरवर आणतात आणि डॉक्टर म्हणतात, 'ही पोलीस केस आहे, आधी पोलिसांना बोलवा.' हे वाक्य कृपा करून कायमचं बंद करा. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 सालीच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं. डॉक्टर एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद करतो, ठाण्याला कळवतो, पण हात थांबवत नाही. जखमीला उचलून आणणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांतच ते आहे. सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळ्यापासून गेवराईपर्यंत रात्री-अपरात्री अपघात होतात. बघणारा गाडी थांबवत नाही, कारण 'आपण साक्षीला अडकू' ही भीती त्याच्या मनात बसली आहे. ती बसवण्यात तुमचाही हात आहे.

आता तुमच्या आवडत्या दृश्याकडे येतो. अंधारी खोली, डोक्यावर लोंबणारा दिवा, इन्स्पेक्टरची थप्पड, आणि संशयित घडाघडा बोलू लागतो. तिथेच तुमचा तपास संपतो. कायद्यात नेमकं त्याच जागी काहीच हाती लागत नाही. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते 25 आणि 26 या कलमांत होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 23 मध्ये आहे. मारून कबूल करवलेल्या गोष्टीची किंमत कोर्टात शून्य, वर मारणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. नार्को चाचणीही आरोपीच्या संमतीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या सेल्वी निकालानं ठरलेलं आहे. तरीही ठाण्यात येणारा फिर्यादी म्हणतो, 'साहेब, दोन दणके द्या, लगेच बोलेल.' आणि दणके दिले नाहीत तर बाहेर जाऊन सांगतो, पोलिसांनी पैसे खाल्ले.

आरोपीच्या बोलण्याचा एक छोटा भाग मात्र चालतो, आणि खरं नाट्य तिथे आहे. आरोपी म्हणाला, 'कोयता मी शेतातल्या आखाड्यावरच्या कडब्याच्या गंजीत लपवला आहे, तो काढून देतो,' आणि तिथून कोयता निघाला, तर एवढंच वाक्य पुराव्यात येतं. 'मी मारलं' हे त्याच दमात बोललेलं वाक्य येत नाही. यासाठी दोन कागद होतात. पहिला मेमोरंडम पंचनामा ठाण्यात होतो. दोन पंच समोर बसलेले असतात, आरोपीचं निवेदन त्याच्याच शब्दांत लिहिलं जातं, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, सगळ्यांच्या सह्या. मग गाडी निघते. कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे आरोपी सांगतो, पोलीस सांगत नाहीत. उतरल्यावर पुढे आरोपी चालतो, पंच आणि पोलीस मागे. गंजीतल्या कोणत्या बाजूच्या, जमिनीपासून किती उंचीवरच्या पेंढ्या त्यानं बाजूला केल्या हे लिहायचं असतं. कोयत्याची मूठ कशाची, पात्याची लांबी किती, डाग कुठे आहेत हे मोजून उतरवायचं असतं. मग तो कागदात गुंडाळायचा, दोरा बांधायचा, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं, लाखेची मोहोर करायची आणि त्या मोहोरेचा ठसा पंचनाम्यावरही घ्यायचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरणही करावं लागतं.

हे सगळं बिघडतं कसं, तेही सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत कोयता असतोच, त्यामुळे 'कोयता सापडला' याला एकट्याला काही अर्थ नाही. तो या आरोपीनं, या जागेवरून, स्वतः काढून दिला हे टिकलं पाहिजे. जागा सगळ्यांना दिसणारी, येण्याजाण्याची असेल तर बचावाचा वकील विचारतो की लपवलं काय? पोलिसांना जागा आधीच माहीत असेल, तर नवा शोध लागलाच नाही. एकच पंच तीन गुन्ह्यांत सापडला तर तो पोलिसांचा ठरलेला माणूस ठरतो. सगळ्यात जास्त घात होतो तो सह्यांमध्ये. पंच शेतावर गेलाच नव्हता, दुसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन सही केली, हे उलटतपासणीत दोन प्रश्नांत बाहेर पडतं: 'गाडीत तुम्ही कुठे बसला होता? गंजीच्या शेजारी विहीर होती की लिंबाचं झाड?' त्या क्षणी कोर्टात जी शांतता पसरते, ती तुमच्या कुठल्याही थपडेपेक्षा मोठी आहे. मृताची आई मागच्या बाकावर बसलेली असते आणि काय बिघडलं हे तिला कळतसुद्धा नाही.

पंच का फितूर होतो, यावरही एक अख्खी मालिका होईल. त्याच गावात त्याला राहायचं आहे, आरोपीच्या बांधाला त्याचा बांध आहे. चार वर्षांनी समन्स येतं, तोवर मजुरी बुडते, तारीख पडते, पुन्हा जावं लागतं. त्याला भेकड किंवा विकला गेलेला दाखवणं सोपं आहे. तो तसा नेहमीच नसतो.

पुराव्याच्या पिशवीचंही असंच. तुमच्या मालिकेत रक्तानं भिजलेला शर्ट पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणीतरी उंच धरतो. घरचे लोक ते बघतात आणि तसंच करतात: कपडे ओले असतानाच कॅरीबॅगमध्ये कोंबतात आणि गाठ मारतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या कपड्याला एक-दोन दिवसांत बुरशी धरते, रक्त कुजतं आणि डीएनए निघण्याची आशा जवळजवळ संपते. ओला कपडा सावलीत, वाऱ्यावर सुकवायचा, उन्हात नाही. सुकल्यावर प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात किंवा खाकी पाकिटात बांधायचा. शर्टाबरोबर पँट नको, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं. काही घरांत बायका रक्ताचे कपडे धुऊन टाकतात, अत्याचार झालेल्या मुलीला आधी आंघोळ घालतात. घडलेलं धुऊन काढावं या मायेनंच हे होतं, पण पुरावाही त्याबरोबर वाहून जातो. मालिकेत एखादी शेजारीण आईचा हात धरून म्हणाली की 'आत्ता नको, आधी दवाखान्यात चला, कपडे तसेच राहू द्या,' तर त्या एका वाक्यानं कितीतरी खटले वाचतील. आणि त्या मुलीचा जबाब भर ठाण्यात, चार पुरुषांपुढे घेताना दाखवू नका. मूल असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे त्याच्या घरी किंवा त्याला जिथे बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, तेही गणवेश न घालता जबाब घ्यायचा असतो.

शवविच्छेदनाच्या खोलीतून तुमचा डॉक्टर बाहेर येतो आणि सांगतो, 'मृत्यू रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी झाला.' असं कुणीही डॉक्टर सांगू शकत नाही. वेळेचा अंदाज काही तासांच्या टप्प्यात देतात, आणि आमच्याकडे तर तोही जपून द्यावा लागतो. मृतदेह हळूहळू थंड होतो आणि त्यावरून वेळ काढतात, हे पुस्तकात बरोबर आहे. पण माणसाच्या शरीराचं तापमान 37 अंश. मे महिन्यात परभणीत किंवा नांदेडला दुपारचा पारा 42 च्या वर गेला की उघड्यावरचा देह थंड होईलच कसा? ताठरपणाही उन्हाळ्यात थंडीच्या दिवसांपेक्षा लवकर येतो आणि लवकर उतरतो. शेतात सापडलेल्या देहाबाबत म्हणून शेवटचं जेवण कधी झालं, शेवटचं कुणी पाहिलं, यालाच जास्त महत्त्व येतं.

विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात. जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग काचेच्या बरण्यांत मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. बरणी काठोकाठ भरत नाहीत, साधारण दोन तृतीयांशच भरतात, कारण आत वायू तयार होतो. द्रावणाचा वेगळा नमुनाही पाठवतात, म्हणजे विष त्यातून आलेलं नाही हे दाखवता येतं. मग हे सगळं छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या प्रयोगशाळेत जातं आणि अहवालाला महिने लागतात. तुमच्याकडे तो जाहिरात संपेपर्यंत येतो. हे निव्वळ कथेच्या सोयीसाठी असतं हे आम्हाला समजतं, पण परिणाम बघा. कर्त्या शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर सरकारी मदतीची फाइल याच कागदांवर चालते: पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. विधवा तीनदा ठाण्यात चकरा मारते आणि तिची खात्री होते की अहवाल आला आहे, आपल्यापासून लपवला जातो आहे. अहवाल अजून आलाच नाही, हे तिला पटत नाही, कारण पडद्यावर तो अर्ध्या तासात येतो.

मोबाइलचा लाल ठिपका नकाशावर धावतो, तेही तसंच. कॉल डिटेल्समध्ये माणूस दिसत नाही, टॉवर दिसतो आणि टॉवरची बाजू दिसते. शहरात टॉवर जवळजवळ असतात; हिंगोली-कळमनुरीकडच्या गावांत एका टॉवरखाली कितीतरी शिवारं येतात. 'फोन त्या टॉवरवर होता' याचा अर्थ 'माणूस त्या विहिरीवर होता' असा होत नाही. हे तपशील मिळवण्यासाठी पोलीस अधीक्षकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मागणी लागते, कुणी ओळखीचा संगणकवाला ते काढून देत नाही.

सीसीटीव्हीत वेळेचा घोळ फार. किराणा दुकानातल्या डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ दहा-पंधरा मिनिटं पुढे-मागे असतं, कधी तारीखही चुकलेली असते. जप्त करताना खरी वेळ आणि यंत्रावरची वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहिल्या नाहीत, तर आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता हे सिद्ध करायला बचावाला आयतं साधन मिळतं. साठवण भरली की यंत्र जुनं चित्रण आपोआप पुसून नवं लिहितं, म्हणून फिर्यादीनं पहिल्याच दिवशी दुकानदाराला गाठायला हवं. चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून भागत नाही: साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र, त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा), एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, असं सगळं लागतं.

'ही आमची हद्द नाही' हे वाक्य तुमच्या हवालदाराच्या तोंडी हमखास असतं, आणि प्रेक्षक मुकाट्यानं परत फिरतो, कारण त्याला वाटतं की तसा नियमच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांना या वाक्याचा सगळ्यात मोठा फटका बसतो. दसऱ्यानंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडात मारहाण झाली, बाईवर हात टाकला, मुकादमानं डांबून ठेवलं, तर फिर्याद कुठे द्यायची? कुठेही. दखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यानं शून्य क्रमांकानं घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच लिहिलेलं आहे. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यानं नोंदवलीच नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पोस्टानं पाठवायची, पावती जपायची, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद करणं बंधनकारक आहे, हे 2013 च्या ललिता कुमारी निकालापासून स्पष्ट आहे. नायिकेनं हात जोडून रडण्याऐवजी ती पावती पर्समध्ये ठेवलेली दाखवा.

बांधावरच्या भांडणात लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. हातानं मारलं आणि दुखापत साधी असेल तर गुन्हा अदखलपात्र, म्हणजे एनसी. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं की कलम बदलतं. म्हणजे सगळं दवाखान्याच्या दाखल्यावर अवलंबून. आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही. बहुतेक वेळा नोटीस देऊन बोलावतात, 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर तर अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात. आरोपी गावात फिरताना दिसला की फिर्यादीला वाटतं, न्याय मेला. अटक ही शिक्षा नव्हे, हे तुमच्या एकाही मालिकेत कुणी कुणाला समजावून सांगत नाही. खुनातसुद्धा 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामीन मिळवण्याचा हक्क आहे, आणि ती तारीख चुकवणारा तपासी अधिकारी हा कथेतला खरा खलनायक होऊ शकतो.

एन्काउंटरबद्दल आम्ही सगळ्यात कळकळीनं लिहितो आहोत. डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात मेले आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. 2022 मध्ये त्याचा अहवाल बाहेर आला: गोळ्या मारण्याच्या हेतूनंच झाडल्या होत्या, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. ते चौघेच गुन्हेगार होते की नाही, हे कोर्टात कधीच तपासलं गेलं नाही. ज्या टाळ्या त्या दिवशी वाजल्या, त्या वाजवायला लोक वर्षानुवर्षं पडद्यासमोर शिकले होते. पोलिसांच्या गोळीनं मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्यानं करायचा, मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हायची, हे 2014 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलं. तुमचा नायक गोळी झाडतो आणि पुढच्या दृश्यात आईच्या हातचं जेवतो. त्याला त्या चौकशीसमोर उभा करा.

आणि त्या हवालदाराला जरा माणूस करा. ढेरपोट्या, पान खाणारा, इन्स्पेक्टरच्या मागे हसत फिरणारा. प्रत्यक्षात अकस्मात मृत्यूची चौकशी तोच करतो, बेपत्ता माणसाची कागदं त्याच्याकडेच असतात, बीटवरच्या दहा-पंधरा गावांतल्या भाऊबंदकीची मुळं त्यालाच ठाऊक. तुळजापूरचं नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, माळेगावची यात्रा, मध्येच निवडणूक, असा बंदोबस्त लागला की हातातला तपास बाजूला पडतो आणि 90 दिवस मात्र मोजले जातच राहतात.

तुम्ही वेळेच्या आणि टीआरपीच्या ओझ्याखाली लिहिता, रोज एक भाग द्यावा लागतो, हे आम्ही जाणतो. म्हणून मागणं मोजकंच आहे. चोवीस तासांचं वाक्य, दवाखान्यातलं वाक्य आणि हद्दीचं वाक्य आजच काढून टाका. तपासाचं दृश्य असेल तर संहिता आमच्यापैकी कुणालाही पाठवा. दोन दिवसांत वाचून, कुठे काय चुकतं ते लिहून परत देऊ, मानधन नको. आणि मुंबईहून एकदा या. आमच्याकडच्या कोणत्याही जिल्हा न्यायालयात सकाळी 11 नंतर फौजदारी साक्षी सुरू असतात, दार सगळ्यांसाठी उघडं असतं, पास लागत नाही. मागच्या बाकावर बसा आणि एका पंचाची उलटतपासणी पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत ऐका.

आपले,
मराठवाड्यातील फौजदारी वकील, निवृत्त तपासी अधिकारी व अंमलदार आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर